फिरती शाल आणि उकळतं पाणी

प्रफुल्ल सामंतांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. सामंत हे आमच्या भोईवाड्यातल्या वाचनालयाचे चिटणीस. पत्र साधं होतं. "आपण निवृत्तीनंतर इतकी वर्षं विनावेतन पुस्तकांना कव्हरं घालता, सुटलेली पानं चिकटवता, याबद्दल आपला जाहीर सत्कार करण्याचं कार्यकारिणीनं योजलं आहे. तरी आपला लेखी होकार कळवावा."

आता याला उत्तर काय द्यायचं? 'होकार आहे' लिहावं, तर म्हातारा टपूनच बसला होता असं दिसतं. 'नकार आहे' लिहावं, तर म्हाताऱ्याचं डोकं चढलंय असं दिसतं. 'मी सत्काराला पात्र नाही' लिहिलं, तर 'छे छे, आहात' असं दुसरं पत्र येणार आणि त्यालाही उत्तर द्यावं लागणार. मी सगळ्या प्रकारचे खर्डे केले आणि शेवटी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. माझा जन्म विमा कचेरीत कारकुनी करण्यात गेला. उत्तर न दिलेली पत्रं आपोआप मरतात, हा तिथला अनुभव. वाचनालयात मात्र मौन म्हणजे संमती धरतात, हे मला माहीत नव्हतं. एका सकाळी पेपर वाचायला गेलो, तर बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'श्री. रघुवीर ताम्हाणे यांचा सत्कार. नंतर चहापान.'

पळून जायचा विचार मी केला होता. पण पळून जायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी जायचं, आणि कुणाच्या घरी जायचं म्हणजे बोलावं लागतं. त्यापेक्षा सत्कार बरा.

इथे शालीबद्दल सांगायला हवं. आमच्या वाचनालयाकडे सत्काराची शाल एकच. मोतिया रंगाची, लाल काठाची. कुण्या माजी अध्यक्षांनी ती श्रीनगरहून आणली, अस्सल पश्मिना आहे, अंगठीतून जाते, असं सगळे सांगतात. अंगठीतून घालून कुणी पाहिली नव्हती. आमच्याकडे अशा गोष्टींवर विश्वास ठेवण्याची पद्धत आहे. सत्कारमूर्तीनं शाल अंगावर घेऊन घरी जायचं, आठवडाभर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दाखवायची आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप परत आणून द्यायची. याचा कुठे नियम लिहिलेला नाही, कुणी मागत नाही. चिटणीस फक्त निरोपाच्या वेळी म्हणतात, "शाल काय, सावकाश." त्यातला 'सावकाश' ज्याला कळत नाही, त्याचा सत्कार करण्यात मुळातच चूक झाली, असं समजतात.

माझा सत्कार झाला. भाषणात मी "धन्यवाद" म्हणालो. पुढचं वाक्य पाठ केलं होतं, पण समोर माणसं बसलेली असताना ते आठवेना, म्हणून पुन्हा एकदा "धन्यवाद" म्हणालो आणि खाली बसलो. बसताना कोपर लागून चहाचा कप शालीवर उपडा झाला. टाळ्या त्याच वेळी झाल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

निरोप घेताना प्रफुल्ल म्हणाले, "काका, शाल काय, सावकाश." मग आवाज आणखी खाली आणून, "म्हणजे शनिवारपर्यंत. रविवारी वर्धापनदिन आहे ना, रमाबाईंचा सत्कार. आणि तेवढं लेखी होकाराचं पत्र द्या. सत्कार झाला, पण फाइलला होकार नाही. ऑडिटर विचारतो."

रमाबाई तुळसकर म्हणजे आमच्या वाचनालयाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबागला त्यांची खानावळ होती. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, बाई पेपर वाचायला आमच्याकडे येऊ लागल्या. वाचनालयाच्या प्रत्येक सत्काराला त्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आल्या आहेत. अलीकडे टाळ्या झाल्या की हसत म्हणायच्या, "ती शाल माझ्या खांद्यार कधी पडता, ता बघतंय." आता ती पडणार होती. आणि तिच्यावर माझा चहा पडला होता.

घरी आमची मृणालिनी असती तर हे पुढचं लिहावं लागलं नसतं. पण ती नाशिकला नूपुरकडे, म्हणजे लेकीकडे गेली होती. तिला फोन करायचं मनात आलं, पण ती म्हणाली असती, "अहो, मी येईपर्यंत हात लावू नका." हे ऐकून घेणं पुरुषाला जड जातं. एरवी मी आयुष्यभर तेच ऐकत आलो आहे, पण त्या दिवशी माझा सत्कार झालेला होता.

शेजारचे लवू गावकर दारातच भेटले. बेस्टमधून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. डाग पाहून म्हणाले, "चहा ना? उकळत्या पाण्याशिवाय जायचा नाय, काका. सोडा टाका आणि मरू द्या पाण्यात."

मी मोदकांचं मोठं पातेलं काढलं. पाण्याला आधण आलं, सोडा टाकला, शाल सोडली आणि लाटण्यानं ढवळत राहिलो. डाग गेला. इथे थांबायला हवं होतं. पण ज्यांनी आपला सत्कार केला त्यांना अर्धवट धुतलेली शाल देऊ नये, म्हणून मी ती मशीनमध्येही घातली. मशीनच्या चकतीवर बरेच प्रकार लिहिलेले असतात. त्यातला सगळ्यांत गरम पाण्याचा 'कॉटन' होता. कॉटन ग्रीनजवळ बालपण काढलेल्या माणसाला तो शब्द परका वाटत नाही. मी तोच लावला.

मशीननं शिटी दिल्यावर मी आत हात घातला. आधी वाटलं, शाल ड्रमला चिकटून राहिली असेल आणि हे दुसरंच काही हातात आलंय. मग लाल काठ दिसला. आत गेली होती ती शाल. बाहेर आलं ते बाळंतविड्यातलं दुपटं. आणि हाताला असं लागत होतं, की दुमडलं तर कडकन आवाज येईल.

मी खुर्चीवर बसलो. मला भीती वाटते तेव्हा मी वाचतो, तशी शालीच्या आतल्या काठाला शिवलेली पांढरी चिठ्ठी भिंगातून वाचली. एक भांडं आणि त्यात बुडवलेला हात, असं चित्र होतं. पातेल्यात टाकण्याआधी मी ते तीर्थ घेण्याचं चित्र समजलो होतो; ते 'हातानंच धुवा' असं होतं. त्याखाली बारीक अक्षरात, अर्धवट पुसलेलं: अ‍ॅक्रिलिक.

पश्मिना नव्हतीच ती. ज्या शालीखाली मुख्याध्यापक, कीर्तनकार, डॉक्टर असे सगळे कृतार्थ होऊन बसले, ती प्लास्टिकच्या नात्यातली निघाली. ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक होती, आणि मला असली एकट्यानं ठाऊक असणारी गोष्ट कधीच पेलत नाही.

लवूंनी पुन्हा डोकावलं. दुपटं पाहिलं. दुसरा कुणी हसला असता. ते म्हणाले, "टेन्शन नाय घ्यायचं. कपडा म्हणजे काय, ओढला की लांब होतो." आम्ही दोघांनी मजल्यावरच्या पॅसेजमध्ये रस्सीखेच केली. ते बेस्टच्या संघातून रस्सीखेच खेळलेले. मी विमा कचेरीच्या संघातून कॅरमसुद्धा खेळलेलो नाही. दोन खेचींत मी त्यांच्या दारात पोचलो. शाल होती तेवढीच राहिली.

आवाज ऐकून समोरच्या ब्लॉकमधली अपेक्षा बाहेर आली. ती घरून काम करते. तिच्या कानात नेहमी यंत्र असतं, त्यामुळे ती माझ्याशी बोलतेय की ऑफिसशी, हे मला पहिल्या दोन वाक्यांत कळत नाही. "काका, कंडिशनर लावा. केसांचा. अर्धा तास ठेवायचं आणि हळूहळू ताणायचं. मी व्हिडिओ पाहिलाय." हे माझ्यासाठी होतं, कारण मागोमाग तिनं बाटली आणून दिली. स्ट्रॉबेरीच्या वासाची.

स्ट्रॉबेरी लावून झाल्यावर लवूंनी गॅलरीच्या गजाला शाल बांधली आणि खालच्या टोकाला वरवंटा अडकवला. "उद्या सकाळी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली. 'सातव्या मजल्यावरील एका सभासदाने गॅलरीबाहेर अवजड वस्तू टांगली असून ती खालील सभासदांच्या डोक्यात पडण्याचा संभव आहे. सदर सभासदाने तातडीने लेखी खुलासा करावा. हुकमावरून, ल. का. गावकर, सेक्रेटरी.' पाठोपाठ कागदावरची नोटीस घेऊन लवू स्वतः आले.

"लवू, वरवंटा तुम्हीच बांधलात ना?"

"ते शेजारी म्हणून बांधला, काका. नोटीस सेक्रेटरी म्हणून आहे. इथे सही करा." सही घेऊन झाल्यावर ते पुन्हा शेजारी झाले आणि म्हणाले, "बघू, कितीशी वाढली?"

शाल फक्त एका कोपऱ्यात वाढली होती. वरवंटा बांधलेल्या जागी तिला लांब कान फुटला होता. बाकी दुपटं दुपट्याच्या जागी.

अजून एका कागदाला मला उत्तर द्यायचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी नोटीस शब्दकोशात ठेवायला गेलो, तिथे प्रफुल्लचं पत्र होतं. दोन्हींना एकमेकांची सोबत झाली.

मग मी जे नेहमी शेवटी करतो ते केलं, म्हणजे वाचलं. कृत्रिम धाग्यांवरचं एक जुनं पुस्तक माझ्याकडे शिवणीला आलं होतं. त्याला मी कव्हर घातलं होतं, आत कधी पाहिलं नव्हतं. त्यात होतं, की लोकर आखडते ती तिच्या केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकल्यामुळे. कृत्रिम धाग्याची गोष्ट वेगळी. तो दाट पाकासारख्या द्रवातून बारीक भोकांवाटे बाहेर काढतात आणि ताणून ताणून लांब करतात. ताणलेल्या स्थितीत त्याला नीट भाजून पक्का केला तर तो तसा राहतो. भाजण्यात कसूर झाली असेल, तर पुढे कधीतरी गरम पाण्यात त्याच्या आतला ताण सुटतो आणि धागा आखडून बसतो. वाचून मला त्या धाग्याबद्दल आपुलकी वाटली. मलाही त्या दिवशी व्यासपीठावर बरंच ताणलं होतं.

पण आपुलकीनं शाल मोठी होत नाही. शुक्रवारी मी आखडलेली शाल पिशवीत घालून दादरला गेलो. स्टेशनजवळच्या एका गल्लीत सत्काराच्या सामानाचं दुकान आहे: शाली, नारळ, फेटे, सन्मानचिन्हं. मालकांनी विचारलं, "सत्काराची दाखवू, की पांघरायची?"

मला हा फरकच माहीत नव्हता. बोलण्याऐवजी मी पिशवीतलं दुपटं काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, काठ चिमटीत धरला, कान पाहून जरा थबकले आणि पोऱ्याला हाक न मारता स्वतःच वरच्या फळीवरून एक पुडकं काढलं.

"भोईवाड्याचं वाचनालय ना?"

मी मान हलवली.

"बसा. पाणी घ्या. दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडचं कुणीतरी येतंच. असेच येतात, हळू आवाजात. एक मुख्याध्यापक होते, ते तर गॉगल लावून आले होते. डाग पडतो, घरात धुतात, आखडते. मग इथे येतात. मी या काठाच्या थोड्या बाजूला काढूनच ठेवतो."

त्यांनी पुडकं उघडलं. मोतिया रंग, लाल काठ. तीच आमची 'अस्सल पश्मिना'.

मी पाणी प्यायलो. एवढ्या प्रतिष्ठित माणसांच्या रांगेत मला जागा मिळाली होती, आणि ती सत्कारापेक्षा पक्की वाटत होती. आता नवी शाल द्यायची, गप्प बसायचं, जसे सगळे बसले. गप्प बसण्यात तर मला कुणी हरवू शकत नाही.

शनिवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी शाल घेऊन वाचनालयात गेलो. आखडलेली पिशवीत तळाशी होती. ती घरी ठेवायचा धीर झाला नव्हता, कारण मृणालिनी दुपारी परत येणार होती. टेबलापाशी नेहमीची मंडळी पेपर वाचत होती. प्रफुल्लच्या समोर रमाबाई बसलेल्या.

"आणलास काय, भाऊ?" त्यांनी हात पुढे केला. शाल मांडीवर घेतली, नाकाजवळ नेली आणि प्रफुल्लना म्हणाल्या, "ही मी आत्ताच घरी नेतंय. उद्या सकाळी घेवन येतंय."

"न्या की, आजी. कशाला पण?"

"धुवक. इतक्या बापयांच्या आंगावरसून फिरली ही. कोणाचो घाम, कोणाचा अत्तर. खानावळीतली फडकी मी जन्मभर उकळत्या पाण्यातसून काढलंय, तशीच हीका पण काढतंय. धुतल्याशिवाय मी आंगार घेवचंय नाय."

"नको."

हे मी म्हणालो. 'शांतता राखा' या पाटीखाली इतक्या मोठ्यानं आजवर कुणी बोललं नसेल. सगळे पेपर एकदम खाली झाले. पण डोळ्यांसमोर उद्याची सकाळ दिसत होती: रमाबाईंच्या पातेल्यातून निघालेलं दुपटं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवलेल्या त्या बाई स्वतःलाच दोष देत बसलेल्या. ते मला बघवलं नसतं.

मी सांगितलं. चहा, पातेलं, कॉटन, वरवंटा, दादर. शब्द एकमेकांवर आपटत होते, पण येत होते. धागा कसा ताणतात आणि ताण कसा सुटतो, हेही सांगितलं. तेवढा भाग बरा झाला असावा, कारण तो पुस्तकातला होता. फक्त गॉगलचा तपशील मी गाळला. शेवटी पिशवीतून आखडलेली शाल काढून टेबलावर ठेवली. खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास पसरला.

प्रफुल्ल भिंतीवरच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरीकडे पाहत राहिले. "म्हणजे पश्मिना..."

"नाही."

पेपरच्या टेबलाच्या टोकाला निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "आमच्या वेळी," ते पेपरकडे बघत म्हणाले, "काठ किंचित गडद होता. दुकानदार म्हणाला, चालून जाईल."

"मी ड्रायक्लीनिंगला देणार होतो," दुसरा एक आवाज आला. "पण आमच्या सूनबाईंना वाटलं, घरीच होईल."

कुणी हसलं नाही. मग रमाबाई हसल्या. त्यांचं हसू खानावळीतलं आहे, पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचणारं. मग सगळेच हसले. मुख्याध्यापकांचा चष्मा पुसायला दोन रुमाल लागले.

हसून झाल्यावर रमाबाईंनी आखडलेली शाल उचलली. कान ओढून पाहिला. "ही धुतलेली आसा मां?"

"खूप."

"आणि आता उकळल्यार आणखी आखडात?"

"नाही. ताण गेलाय तिचा. आता फार काही व्हायचं नाही. पुस्तकात तसं आहे."

"मगे झाला. माका उद्या हीच घाला. वासय बरो आसा."

"आजी, फोटोत कशी दिसेल?" प्रफुल्ल कासावीस झाले. "नवी आहे ना समोर."

"नवी मी धुतलंय की आखडतली. धुवची नाय तर मी घेवचंय नाय. आणि फोटोत मी जशी दिसतंय तशीच ती दिसतली. मी तरी खंय पयल्याएवढी रवलंय? वयान मी पण आखडलंय." त्यांनी शाल खांद्यांवर टाकली. त्यांच्या लहानशा खांद्यांवर ती नीट बसली, कोपराच्या वर थोडी. कान पाठीमागे गेला, समोरून दिसत नव्हता.

घरी गेलो तेव्हा मृणालिनी आलेली होती आणि लवूंकडून तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मोदकांचं पातेलं घासून ठेवलंय. त्यात पुन्हा वाचनालयाचं काही उकळू नका." मग थोड्या वेळानं, "तुम्ही खरंच सगळ्यांसमोर बोललात?"

रविवारी दुकानातली नवी शाल घडी न उघडताच बाजूला राहिली आणि रमाबाईंना ती आखडलेली घातली. लवू आणि अपेक्षा, दोघंही आले होते. या वाचनालयात दोघांचंही ते पहिलंच पाऊल. मी अपेक्षाला बाटलीबद्दल धन्यवाद म्हणालो. ती "येस, येस, शुअर" म्हणाली, बहुधा ऑफिसला. रमाबाई पुष्कळ बोलल्या. गिरणीच्या तिसऱ्या पाळीला जेवायला कोण यायचं, कुणाला भाकरी जास्त लागायची, संपात कुणी रिकाम्या ताटासमोर बसून नुसतं पाणी प्यायलं, सगळं नावानिशी. शालीचं टोक त्या बोलताना बोटांनी धरून होत्या. पहिल्या रांगेत त्यांची जागा रिकामी होती, म्हणून मी तिथे बसलो आणि टाळ्या वाजवल्या. भाषण संपल्यावर त्या शाल अंगावर घेऊनच उठल्या आणि प्रफुल्लना म्हणाल्या, "सावकाश-बिवकाश माका सांगू नको. ही आता माझी." त्यांनी लगेच मान्य केलं.

मग उरलेली नवी शाल प्रफुल्लनी माझ्या हातात ठेवली. "काका, ही तुमची. परत करायची नाही." माझीच शाल मला मिळाली, पण देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती वाचनालयाचीच वाटली. मी ती धुणार नाही. "आणि ते पत्र," ते हळूच म्हणाले, "फाइलला..."

सोमवारी मी बसून उत्तर लिहिलं. खर्डा केला नाही.

'सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. माझा सत्कार करण्याचे आपण योजले आहे, त्यास माझा होकार आहे. उत्तरास उशीर झाला, कारण असे काही आपल्या वाट्याला आले तर काय लिहावे, हे मला ठाऊक नव्हते. आपल्यामुळे शेजाऱ्यांनी माझे दार वाजवले, आणि वाचनालयात मी तोंड उघडले. याबद्दल मी आपला, रमाबाईंचा आणि श्री. लवू गावकर यांचा, शेजारी व सेक्रेटरी या दोन्ही नात्यांनी, ऋणी आहे. आपला, रघुवीर ताम्हाणे.'

त्याच बैठकीत सोसायटीच्या नोटिशीचा खुलासाही लिहून टाकला. तो लवूंच्या दाराखालून आत सरकवला आणि टपाल कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलीनं तिकीट देताना पाकिटावरचा पत्ता वाचला. "आजोबा, हे तर इथलंच वाचनालय. समोर. नेऊन द्या ना हातानं."

"पत्र आहे," मी म्हणालो. "टपालानंच जायला हवं."

बाहेरच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. मग रस्ता ओलांडून वाचनालयात गेलो, पेपर घेतला आणि दारातून येणारा पोस्टमन दिसेल अशा खुर्चीत जाऊन बसलो.